बिनबॅटरीचा दिवा

ही हकीकत कुणालाही खरी वाटणार नाही, आणि तशी ती वाटावी असा आग्रहही नाही. खरी वाटण्याजोगी हकीकत सांगायला माणूस लागत नाही, तिला वर्तमानपत्र पुरतं. तरीही सोलापुरात, होटगी रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, बॅटरी काढून ठेवलेल्या मोटारीत लाल दिवा जळत होता. तो जळताना चार जबाबदार माणसांनी पाहिला, आणि त्यांतले दोघे तर चष्मा लावतात.

मोटार ही एकाच्या मालकीची असली तरी तिचा आजार सार्वजनिक असतो. बॉनेट उघडलं की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही थांबून निदान करण्याचा अधिकार प्राप्त होतो, आणि सोलापूरकर हा अधिकार वाया घालवत नाहीत. शंभरातली ऐंशी निदानं बॉनेट उघडण्याआधीच झालेली असतात. उरलेली वीस बॉनेट उघडल्यावर पहिल्या ऐंशींशी जुळवून घेतात. (बॉनेट उघडून मत बदललेला माणूस एकदा जुळे सोलापुरात दिसला होता म्हणतात. तो परगावचा निघाला.)

शिवयोगी कलशेट्टी यांची पांढरी मोटार त्या दिवशी सकाळी सुरू केली तेव्हा मीटरमध्ये ब्रेकचा लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. एरवी शिवयोगींनी तिकडं कानाडोळा केला असता. मोटारीच्या दिव्यांकडं ते पै-पाहुण्यांच्या सल्ल्यासारखं बघत, म्हणजे मान डोलावून पुढं जात. पण त्या दिवशी संध्याकाळी मंद्रूपला नातवाचं बारसं होतं.

सून काव्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मंद्रूपला गेली होती. बारसं तिथंच. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे शिवयोगींची लेक अक्षता. पाळण्यात वाकून तिनं बाळाच्या कानात 'सोमलिंग' म्हणायचं होतं, कारण ते शिवयोगींच्या वडिलांचं नाव होतं आणि शिवयोगींना ते घराण्यात पुन्हा एकदा हाक मारलेलं ऐकायचं होतं. पण मंद्रूपकरांच्या मनात 'रेवणप्पा' होतं. तिकडंही एक आजोबा होऊन गेले होते.

विहीणबाई चंद्रव्वांनी सकाळीच फोन केला होता. "या की सावकाश. ऊन लई हाय. अक्षता न्हाय पोचली तर आमची कस्तुराबाई हाय की. तीबी लांबून आत्याच लागती."

हे आमंत्रण नव्हतं. ही नोटीस होती.

एस.टी.नं जाण्याचा विचार सूचनेच्या पातळीवरच बाद झाला. मोटार घेतल्यावर व्याह्यांकडं एस.टी.नं जाणं म्हणजे मोटार घेतलीच नव्हती असं लेखी देण्यासारखं. आणि शिवयोगींच्या पत्नी नागम्मांनी जाहीर केलं, "लाल दिवा जळत असंल त्या गाडीतनं मी मंद्रूपला येणार न्हाय."

तेव्हा अक्षताला नटायला घरी सोडून दोघं मोटार हळूहळू गुरुच्या गॅरेजवर घेऊन आले. गुरु हा होटगी रस्त्यावरचा मान्यताप्राप्त मेकॅनिक. (मान्यता त्याची त्यानंच दिलेली होती, पण बोर्ड मोठा होता.) शेजारचे चादरवाले सिद्धू आणि निवृत्त शिक्षक एकनाथ मास्तर तिथल्या बाकड्यावर आधीच बसलेले होते. त्यांची वाहनं ठणठणीत होती. ते केवळ ज्ञानदानासाठी येत.

"ब्रेक आईल," सिद्धूनं लांबूनच सांगितलं.

"पाणी," मास्तर म्हणाले.

"दोन्ही बगून घेतो," गुरु म्हणाला, कारण गिऱ्हाईक आणि जाणकार दोघांनाही सांभाळावं लागतं.

मग गुरुनं संगणकाची वायर जोडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे आले. ते सर्वांनी गंभीरपणे वाचले आणि कुणालाच कळले नाहीत, तेव्हा गुरुनं प्रमाणित मराठीत खुलासा केला. "बगा अण्णा. ब्रेकच्या मागं हा काळा डबा असतोय. इंजिन त्यातली हवा वढून घेतंय, म्हणून तुमचा पाय हलका पडतोय. हवा वढली का न्हाई ह्याची खबर हा सेन्सर देतोय. आता डबा बिगडलाय का खबर देणारा खोटा हाय, येवढंच बगायचं."

परीक्षा सोपी असते. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल दाबत राहायचं, ते दगडासारखं झालं की तसंच दाबून धरायचं आणि इंजिन सुरू करायचं. पेडल आपोआप खाली गेलं तर डबा शाबूत. मात्र पेडल दाबायला आत माणूस लागतो, आणि चारही पुरुषांची बॉनेटखाली नितांत आवश्यकता होती. म्हणून चालकाच्या जागी नागम्मांना बसवण्यात आलं.

"वैनी, दाबा," गुरु ओरडला.

नागम्मांनी पेडल दाबलं, सोडलं, दाबलं, पदरानं घाम टिपला, घरी आरशाला लावतात तशी कपाळावरची टिकली काढून समोर हाताशी आलेल्या मीटरच्या काचेला लावली, तोंड खसखसून पुसलं, पुन्हा पेडल दाबलं, सांगितल्यावर किल्ली फिरवली आणि विचारलं, "पाय खाली चाललाय. जाऊ द्यू का?"

"जाऊ द्या, जाऊ द्या. डबा झकास हाय," गुरु म्हणाला. "खबर देणाराच लबाड हाय."

निदान लागलं. नागम्मा उतरल्या, उन्हापायी पदर पार भुवयांपर्यंत ओढून घेतला आणि लिंबाखाली जाऊन बसल्या. नवीन सेन्सर आला. गुरुनं जुन्याची वायर सोडवली, डब्याच्या रबरातून तो दात उपटावा तसा हलवून काढला, नवा दाबून बसवला, वायर जोडली आणि संगणकावरून जुनी तक्रार पुसून टाकली. हे काम इतकं लवकर झालं की सिद्धूला त्यात काही कसब असेल असं वाटेना.

गुरुनं आत डोकावून इंजिन सुरू केलं. मीटरमध्ये लाल ठिपका होता तसाच होता.

"नवा हाय," गुरु म्हणाला. "वळख व्हायला येळ लागतोय."

ओळख व्हावी म्हणून एक चहा झाला. ठिपका लाल तो लालच. गुरुनं इंजिन बंद केलं. ठिपका लाल. किल्ली काढून खिशात घातली. लाल. शेवटी त्यानं बॅटरी सोडवून बाहेर काढली आणि चौघांनी एकदमच आत पाहिलं. हॉर्न वाजेना, काटे हलेनात, सारी मोटार निपचित. पण ठिपका मात्र आपल्या जागी, लाल, स्थिर आणि अत्यंत आत्मविश्वासानं.

अशा वेळी अडाणी माणूस घाबरला असता. इथं समिती होती.

एकनाथ मास्तरांनी शास्त्रीय बाजू मांडली. "आकाशातला तारा विझला तरी त्याचा उजेड आपल्याला दिसत राहतो. तसंच हे. दिवा गेलेला आहे, उजेड यायचा राहिलाय." सिद्धूनं उद्योगक्षेत्राचा दाखला दिला. त्याच्या कारखान्यात बटण बंद केलं तरी माग दोन फेरे मारल्याशिवाय थांबत नाही. गुरुचं म्हणणं पडलं की बॅटरी फार जवळ ठेवली आहे, वास लागत असेल. त्यावर बॅटरी रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीत नेऊन ठेवण्यात आली. दिव्यावर परिणाम झाला नाही. (रसवंतीवाल्याच्या मते उसाच्या रसावर झाला.)

पुढं समितीनं मोटारीची दारं उघडून उजेड बाहेर जाऊ दिला, मग आत जायला नको म्हणून बंद केली. मीटरवर हात धरून पाहिला तेव्हा दिवा दिसेनासा झाला, त्यावरून तो हाताला घाबरतो असा निष्कर्ष निघाला. गल्लीतल्या एकानं विचारलं, लाईट गेल्यावर ह्यावर घरचा पंखा चालंल का. गुरुनं विचार करून सांगितलं, लहान असंल तर चालंल.

"अवो, झालं का?" नागम्मा लिंबाखालून म्हणाल्या. "तितं ती कस्तुराबाई पदर खोचून उभी असंल."

"काम शास्त्रीय हाय," शिवयोगी म्हणाले. "तुला न्हाय कळायचं. तू तितंच बस."

नागम्मांनी एकदाही आत येऊन पाहिलं नाही. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

अखेर एकमतानं ठरलं की दिवा स्वयंपूर्ण आहे, ब्रेक उत्तम आहे, आणि दोघांचा परस्परांशी संबंध उरलेला नाही. बॅटरी परत आली. "दिवा धोक्याचा न्हाय, नुसता जळणारा हाय," असं गुरुनं बजावल्यावर नागम्मा गाडीत बसायला तयार झाल्या. अक्षताला घरून मागच्या सीटवर आईशेजारी घेतलं आणि मोटार विजापूर रस्त्याला लागली. ब्रेक लोण्यासारखा लागत होता. शिवयोगी मात्र निम्मा वेळ रस्त्याकडं आणि निम्मा वेळ ठिपक्याकडं पाहत होते. आपल्या गाडीत असं काही आहे जे जिल्ह्यात कुणाच्या गाडीत नाही, या जाणिवेनं त्यांची छाती हळूहळू फुगत होती.

मंद्रूपला पोचले तेव्हा मांडवात पाळणा सजला होता आणि कस्तुराबाई त्यावर वाकलेलीच होती. भोवती बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून तयार. आता एका श्वासात 'रेवणप्पा' होणार होतं.

शिवयोगींना दुसरं काही सुचलं नाही. ते मांडवाच्या तोंडाशीच गरजले, "थांबा मंडळी. कुणाचा इस्वास बसणार न्हाय, पण माज्या गाडीत बॅटरी काढून बी दिवा जळतोय."

कस्तुराबाईचं तोंड उघडलं ते नावासाठी नव्हे.

"कायतरीच," कुणीतरी म्हणालं.

मग शिवयोगींना चेव आला. आधी बॅटरी काढली, म्हणाले, मग वायरा काढल्या, मग इंजिन उतरवून ठेवलं. नुसता सांगाडा राहिला, तरी दिवा जळतोय. सिद्धू चादरवाल्यानं त्याच्यावर विडी पेटवली. शास्त्रज्ञ बघून गेले. (मास्तरांना शास्त्रज्ञ म्हणण्यात गैर काही नाही.) एवढं झाल्यावर मांडवात कोण थांबणार? पुरुष धावले, पोरं धावली, धपाट्याचे हात तसेच उगारलेले घेऊन बायका धावल्या, आणि सर्वांच्या पुढं कस्तुराबाई. कुणीतरी पाना आणला. पुन्हा बॅटरी निघाली. काचेला नाकं लागली.

"आयला, जळतोय की," सारा मांडव एका आवाजात म्हणाला.

पाळण्यापाशी बाळ, काव्या, तिच्या दोन ऐकू न येणाऱ्या आज्या आणि अक्षता एवढीच राहिली होती. अक्षतानं वडिलांकडं एकदा पाहिलं आणि पाळण्यात वाकली.

चंद्रव्वा हळदीकुंकवाची कोयरी घेऊन विहीणबाईंना सामोऱ्या आल्या होत्या, त्या गर्दीमागून गाडीपाशी पोचल्या. रीतीप्रमाणं नागम्मांनी डोक्यावरचा पदर मागं सारला. चंद्रव्वांचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं. त्यांनी नागम्मांचं कपाळ पाहिलं. मग गर्दीतून वाट काढत गाडीत डोकं घातलं, मीटर पाहिलं, पुन्हा कपाळ पाहिलं.

आतून अक्षताच्या पाठीत धपाटा बसल्याचा आवाज आला आणि 'कुर्रर्र' ऐकू आलं. पाठोपाठ "सोमलिंग."

चंद्रव्वांनी नखानं दिवा खरवडून काढला, बोटावर घेतला, नागम्मांच्या कपाळाला चिकटवला आणि शांतपणे म्हणाल्या, "व्याही, येवढं खोटं बोललासा ते जाऊ द्या. पण बाईनं टिकली काढून काचंला लावली, हे येवढ्या जणांत एकालाबी दिसलं न्हाय व्हय?"

(दिसलं नव्हतं असं म्हणवत नाही. वाचकांना ते वर स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, काच कुठली तीसुद्धा. त्यांनी ते वाचलं आणि मास्तर आता काय म्हणतात म्हणून पुढं गेले. गुरुच्या गॅरेजवर बाकडं लांब आहे.)