क्ष अधिक एक

गिरण्यांचा संप लांबला, तशी लहूची बायको शेवंती पोरांना घेऊन साताऱ्याकडे माहेरी निघून गेली आणि लालबागच्या चाळीतली ती एवढीशी खोली लहूला एकदम मोठी वाटायला लागली. सगळं आयुष्य साच्यांच्या खडखडाटात गेलेलं. आता जेवताना स्वतःच्या घासाचा आवाज यायचा. म्हणून दुपारी तो व्यायामशाळेत मंजुळाबाईंच्या वर्गाला जाऊन बसू लागला. रिकाम्या बसलेल्या गिरणी कामगारांना त्या सातवीची तयारी करून देत होत्या.

एक दिवस बाईंनी बीजगणित काढलं. "आकडा माहीत नसला म्हणून अडून बसायचं नाही. त्याच्या जागी क्ष लिहायचा आणि पुढे चालायचं."

"आन् आकडा कधी कळलाच न्हाई तर?" लहूनं विचारलं.

"मांडणी बरोबर असली की कळतो."

लहूला ते फार पटलं. घरी येऊन त्यानं दारावर खडूनं मांडलं: क्ष + १. एक म्हणजे आपण. गावाहून परत किती जण येतील, येतील की नाही, कुणाला ठाऊक? तो क्ष.

शेजारच्या बाबुरावांनी ते वाचलं आणि चार पावलं मागं सरकून चाळीला समजावून सांगितलं, "क्ष म्हणजे क्षय. पुढं दवाखान्याची फुली. पेशंट एक. म्युन्शिपालटीवाले लिहून गेले वाटतं!"

झालं! नळावर लहू दिसला की बादल्या बाजूला व्हायच्या. पत्त्यांच्या डावात त्याच्यासाठी जागा होईना. राधाबाई कोळणीनं तेवढा खेकड्यांचा रस्सा आणला, तोही उंबऱ्याबाहेर ठेवून लांबून हाक मारली.

"अवो मावशी, ती संख्या हाय! म्हाईत नसलेली!"

"बरं हां, बाबा," राधाबाई हळूच म्हणाली आणि खाली जाऊन तिनं सांगितलं, "क्षय डोक्यात गेलाय त्याच्या."

लहूनं दार पुसून काढलं, तर आजार लपवतो म्हणून बोभाटा झाला. बाबुराव साताऱ्याकडे आपल्या गावी गेले, तेव्हा ही बातमीही घेऊन गेले.

आणि एका दुपारी गॅलरीतून आरोळी आली, "लहू, तुझी शेवंती आली रे! जिन्यात हाय!"

आपण ठणठणीत आहोत हे सांगायला लहू धावत दारापर्यंत गेला. तिथंच थबकला. ठणठणीत आहे म्हटल्यावर ही कशाला थांबेल? तो तसाच मागं फिरला, भर उकाड्यात गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि खोकला.

शेवंती धापा टाकत आली. तिनं त्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. मग सरळ झाली आणि पदरानं डोळे पुसले.

"खोकायचं तरी नीट येतंय का तुमास्नी?" ती म्हणाली आणि बाहेर तोंड करून पोरांना ओरडली, "बोचकी आत आणा रं!"