उन्हाला रकाना नाही

उल्हासरावांची जपानमधली नेमणूक संपली आणि बँकेने त्यांना मार्चअखेर मुंबईत हजर व्हायला फर्मावलं. टोक्योजवळच्या इचिकावातला स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, सामान बांधायचं आणि वृंदाताईंना घेऊन विमानात बसायचं, एवढंच काम होतं. 'एवढंच' हा शब्द ज्याने काढला, त्याला कधी घर भाड्याने द्यावं लागलं नसणार.

भाडेकरू तर दारात हजर होते. तोयोसुच्या आयटी ऑफिसातला दिगंबर, त्याची बायको मेधा आणि कडेवर बाळ. ऐन जानेवारीत, भर दुपारी घर बघायला आले. फ्लॅट दक्षिणेकडचा, ऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत आलेलं. बाळ सतरंजीवर टेकलं ते झोपूनच गेलं. मेधाने स्वेटर काढून ठेवला.

"वहिनी, हीटर कुठे लपवलाय?"

"नाहीच गं. कधी लागलाच नाही."

"सर, आमचं ठरलं," दिगंबर म्हणाला. वृंदाताईंनी लगेच सर्वांना शिरा दिला.

वृंदाताईंना घाई होती ती उगाच नव्हे. उल्हासराव पहिल्यांदा जपानला आले, तेव्हा कुठल्याशा कागदावर कुठलासा शिक्का नव्हता, म्हणून त्या डोंबिवलीत दोन वर्षं एकट्या राहिल्या होत्या. पुन्हा कागदापायी वेगळं राहायचं नाही, हे दोघांनी तेव्हाच ठरवलं होतं. आता व्यवहार पुरा होईपर्यंत एका मालकाने जपानमध्येच थांबावं, अशी एजंटची अट होती आणि घर दोघांच्या नावावर होतं. म्हणजे भाडेकरू हुकला की वृंदाताई मागे राहणार.

"फक्त एक छोटासा कागद," एजंट मोरी-सान म्हणाले. "घराचं ऊर्जा-बचत प्रमाणपत्र. तारे असतात त्यावर. पाच म्हणजे उत्तम."

तपासनीस निशिमुरा-सान आले, बूट काढून स्वतःच्या पिशवीतल्या सपाता घातल्या आणि त्या उन्हात उभे राहून त्यांनी कपाळ पुसलं.

"आपला हीटर?"

"नाही."

"तापणारी फरशी?"

"ऊन पडतं ना, तीच तापते."

निशिमुरा-सानांनी दातांतून हवा आत ओढली. जपानमध्ये हा आवाज आला की समजावं, आपलं काम बोंबललं.

"बचत ही वापरातून मोजतात. आपला वापरच नाही. शून्यातून वजा काय करणार?"

"अहो, पण हे ऊन..."

"उन्हाला रकाना नाही." मग कमरेत वाकून अत्यंत आदराने, "शिवाय ऊन आपल्या मालकीचं असल्याचा पुरावा जोडलेला नाही. क्षमस्व." आणि शून्य तारे देऊन ते गेले.

दिगंबर-मेधा पुन्हा आले. तीच वेळ, तेच ऊन. मेधाने प्रमाणपत्र वाचलं आणि जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

"वहिनी, पायाला गार लागतंय हो इथे."

बोलताना तिच्या नाकावर घाम होता. बाळाला तिने दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, तसा त्याने भोकाड पसरलं.

"बघा! कुडकुडतंय बिचारं."

"अगं, उकडतंय त्याला!"

"वहिनी, सर्टिफिकेट काय खोटं बोलणार आहे का?"

आता बोला! ती मंडळी गेल्यावर वृंदाताई खाली बसल्या. "म्हणजे मी पुन्हा मागेच ना?" एवढंच विचारलं त्यांनी. तारे मिळवायचेच, असं उल्हासरावांनी त्याच क्षणी ठरवलं.

मग हीटर आला. वापर सुरू झाला, एक तारा आला. खिडक्यांना दुहेरी काचा आणि त्यावर ऊन अडवणारी काळी फिल्म बसली, तसे तारे तीन झाले. ऊन आत येईना, तेव्हा हीटरची खरोखरच गरज पडू लागली. वापर भरमसाट वाढला. वापर वाढला म्हणून त्यातून होणारी बचतही वाढली, आणि निशिमुरा-सानांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं. चौथा तारा त्यांनी जागेवरच दिला.

पाचवा अडला तो स्वयंपाकघरातल्या झरोक्यापाशी. तिथून ऊब पळते म्हणे. झरोका बुजवला. वृंदाताईंनी मिरचीची फोडणी घातली आणि सगळं घर ठसकायला लागलं. निशिमुरा-सानांनी डोळ्यांतून पाणी गाळत पाचवा तारा दिला. "अभिनंदन," ते खोकत म्हणाले. "आता हे एक आदर्श घर आहे."

बचत नीट दिसावी म्हणून हीटर मंद ठेवलेला. भर दुपारी दिवा लावून दिगंबर-मेधाने त्या अंधाऱ्या खोलीत करारावर सह्या केल्या, हातमोजे न काढता. बोलताना दोघांच्या तोंडातून वाफा येत होत्या.

"आता कसं ऊबदार वाटतंय, नाही?" मेधा म्हणाली.

विमानात वृंदाताईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरून ठेवला. सुटलो एकदाचे, म्हणाल्या.

मुंबईत बँकेने गेस्ट हाउसमध्ये एकाच माणसाची सोय केली होती, म्हणून ठाण्यात भाड्याने घर शोधायची धावपळ झाली. चंद्रहास नावाच्या एजंटाने पहिलंच घर दाखवलं ते असं झकास, की एप्रिलच्या दुपारी पंखा बंद असतानाही खिडकीचे पडदे छताला लागत होते.

"अहो, हेच घेऊ," वृंदाताई म्हणाल्या. "आजच."

उल्हासरावांनी भिंती न्याहाळल्या. "तारे किती?"

"कसले तारे, साहेब? वारा बघा ना!"

"वाऱ्याला रकाना नाही," उल्हासराव गंभीरपणे म्हणाले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. "वृंदा, मला इथे गुदमरतंय गं. कागदाशिवाय घर घेऊ नये."

वृंदाताईंनी बॅग उचलली आणि त्या बहिणीकडे डोंबिवलीला गेल्या. उल्हासराव गेस्ट हाउसवर राहतात. तारेवालं घर ते अजून शोधत आहेत.

हसताय? हसा. पण हसून झालं की जरा उठा आणि स्वतःच्या फ्रिजसमोर उभे राहा. फ्रिज म्हातारा झालाय, आचके देत घरघरतोय, दर उन्हाळ्यात मेकॅनिक येऊन मान हलवून जातोय. दारावरचं ताऱ्यांचं स्टिकर मात्र जसंच्या तसं आहे. सोलून बघा बरं एकदा. नाही ना हात होत? आतलं दूध नासेल, असं वाटतंय ना?