विश्रामदादाची रिकामी ओळ

पंगतीत हरभऱ्याच्या डाळीचं गोड मणगणं वाढलं की आमचा शेजारी विश्रामदादा आधी त्यातला काजू बोटांनी वेचून काढायचा, अर्धा चावायचा, उरलेला पानाच्या कडेला ठेवायचा आणि निकाल द्यायचा, "हो भायलो! बोटीन इलो!" परदेशी काजू वाढल्याचा ठपका आला, की यजमान बिचारा ओशाळायचा. माझ्या घरच्या बारशालाही त्यानं हाच निकाल दिला. तो काजू माझ्या झाडाचा होता आणि माझं झाड त्याच्या कुंपणापासून चार हातांवर!

आमच्या लाटंबार्से गावात काजूला पहिला मोहर त्याच्याकडे यायचा. बीसुद्धा माझ्यापेक्षा टपोरी. मी त्याच्यावर जळायचो, खोटं कशाला बोलू? तो मात्र माझ्यावर कधी जळला नाही. त्याचा सगळा जळफळाट आफ्रिकेतून येणाऱ्या बीसाठी राखलेला. "बंदरात जहाज लागलंय," म्हणत व्यापाऱ्यानं भाव पाडला, की दादा सवतीबद्दल बोलावं तसा बोलायचा, "तिका बोटीत बसोवन हाडटात, आनी माजी बी उनात सुकता!"

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून दोनेक वर्षं झाली होती. "आता दिल्ली आमचें आयकतली," म्हणत त्यानंच अर्जाची टूम काढली. परदेशी बीवर अशी जकात बसवा, की जहाज परत फिरलं पाहिजे! शब्द त्याचे, अक्षर माझं. देवळात सगळ्यांनी सह्या केल्या. वरची ओळ मानानं त्याच्यासाठी ठेवली. त्यानं पेन हातात घेतलं, झटकलं, "हें पेन चलना," म्हणाला आणि उठून घरी गेला.

भाव खातोय लेकाचा, असं म्हणत संध्याकाळी मी अर्ज घेऊन त्याच्याकडे गेलो. ओसरीवर त्याची विधवा बहीण शेवंती बसली होती. ती डिचोलीच्या कारखान्यात बी फोडायची. टरफलाच्या तेलानं काळी पडलेली, सोललेली तिची बोटं हातात घेऊन दादा खोबरेल चोळत होता.

मी कागद पुढे केला. त्यानं मान वर केली नाही.

"आमची बी पावसाआदीं सोंपता," तो हळूच म्हणाला. "मागीर हिका काम कोण दिता? हिका पोसता ती बोटीची बीच!"

मी अर्ज घडी करून खिशात घातला. मुळगावात दिलेली माझी बहीणही त्याच कारखान्यात बी फोडायची. अख्खा अर्ज लिहिताना मला तिची एकदाही आठवण झाली नव्हती. त्या संध्याकाळी मी विश्रामदादावर जेवढा जळलो, तेवढा त्याच्या काजूवरून कधीच जळलो नव्हतो.