नापास कानातली

अशा जवळ सरका बघू. दारात उभ्याने काय ऐकता? जव्हारला येता, दाभोशाचा धबधबा बघता, मोबाइल भिजवून घेता आणि आमच्या आळीत न डोकावता परत जाता. बरं दिसतं का हे? बसा, चहा घ्या. ह्याच चहाला काल कुसुमबाईंनी दहापैकी साडेपाच दिलेत, पण तुम्ही घ्या.

कुसुमबाई माझ्या शेजारीण. लग्न केलं नाही, सगळा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत गेला. निवृत्त झाल्या तरी गुण देणं काही सुटलं नाही. आमटीला सात. पुढाऱ्याच्या भाषणाला तीन, "तेही आवाजाचे." माझ्या बोलण्याला एकदा नऊ मिळाले. मी हरखले, तर म्हणाल्या, "लांबीसाठी, वहिनी."

त्यांना वेड लागलं दागिन्यांचं. घालायचं नव्हे हो, ओतायचं! मोबाइलवर बघून आणि बोटं भाजून शिकल्या. आधी मेणाचा दागिना वळायचा. त्याला वारुळाच्या मातीचा लेप द्यायचा. वाळलं की तापवायचं, म्हणजे मेण भोकातून वाहून जातं आणि आत तेवढी पोकळी राहते. तिच्यात वितळलेलं पितळ ओतायचं आणि गार झाल्यावर माती फोडायची. साचा एकदाच उपयोगी. पुन्हा करायचं तर पुन्हा मेणापासून.

पितळ कुठलं? घरातल्या तोट्या. सगळे नळ आता प्लास्टिकचे झालेत, आणि बाई आमच्याकडे आल्या की मी आधी समई फडताळात टाकते. कोळशाला वारा घालायला त्यांनी हेअर ड्रायर आणला. दुकानदाराने विचारलं, "केस दाट आहेत का बाई?" बाई म्हणाल्या, "केसांना नको. शेगडीला हवाय."

तर सविता. जामसरची पोर, चौथीत बाईंच्या हाताखाली होती. आता शिवणक्लासला रोज जव्हारला यायची. तिचं लग्न मोखाड्याकडे ठरलं. आली आणि म्हणाली, "बाई, मना तुमच्या हातची कानातली पायजेत. भाताच्या लोंबीवाणी." बाईंनी लगेच हो म्हटलं.

पहिला जोड फोडला. "दहापैकी चार. एका लोंबीत दाणे कमी." गेला परत वितळायला. दुसरा, "पाच. डावी रुसल्यासारखी दिसते." रोज संध्याकाळी, जामसरची जीप सुटायच्या आधी, सविता दारात हजर. "झाली का बाई?" कधी "माती ओली आहे," कधी "नापास. उद्या ये." मग पोरगी तिथेच बसून मेणाचे दाणे वळू लागायची, बाई पोहे टाकायच्या आणि दोघींचं हसणं भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं.

इकडे मी दिवस मोजतेय. हळद आठवड्यावर आली, चार दिवसांवर आली. पोरगी काय बिनकानातल्याची बोहल्यावर उभी राहणार?

हळदीच्या आदल्या दिवशी मी तडक गेले. सातवा जोड वाटीत होता, शेगडी पेटलेली होती. मी वाटीच उचलली आणि खिडकीशी नेली. एकेक दाणा सुटा, टोकाला कुसळसुद्धा आलेलं.

"बाई, चष्मा मलाही आहे. ह्यात चूक दाखवा."

बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या.

"चूक नाही, वहिनी. पहिल्यातही नव्हती."

"अहो, मग पोरीला का रखडवलंत?"

"दिली की ती उद्या कशाला येईल?"

तेवढ्यात सविता आलीच. "झाली का बाई?"

बाईंनी माझ्या हातातून वाटी घेतली. "झाली. इकडे ये." स्वतः तिच्या कानात घातली. डावं घालायला जरा जास्तच वेळ लावला, सविता मान तिरकी करून तशीच उभी राहिली. मग वाकून पाया पडली.

"पुरे. जीप सुटेल. पळ."

ती पळाली. पोहे दोघींचे केलेले होते. तिच्या वाटणीचे मी खाल्ले. जिपेचा आवाज वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी उंबऱ्यात बसून होतो.

म्हणून सांगते, पुढच्या खेपेला नुसता धबधबा बघून पळू नका. आमच्या शेजारची कडी वाजवा. अंगठी मागा, जोडवी मागा, काहीही मागा. आणि दोन-चार दिवस राहायच्या बेताने, जरा लवकरच या.