पडणार नाही ना?

आमच्या शेजारची तेजल सकाळी वाटी घेऊन दारात उभी राहिली, की आई न विचारता कणकेचा एक गोळा तिच्या वाटीत टाकते. तेजल त्याची पोळी करत नाही. गोळा कानाजवळ नेते, बोटाने दाबते आणि विचारते, "काकू, पडणार नाही ना?"

तेजल पखवाज वाजवते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक थापली, की आवाजाला घुमारा येतो. गोडदेवमधल्या आमच्या इमारतीत मजल्यावरच्या चारही घरांची कणीक तिने तपासली आहे. समोरच्या भाभी हसतात, "आज किसका आटा बजेगा?" त्यांचा गोळा मात्र ती घेत नाही. "मऊ आहे, पण तेल फार. ऐनवेळी दगा देईल."

दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात, ऐन रंगात, तिची कणीक सुटली आणि तंबोऱ्यावर बसलेल्या बाईंच्या जरीच्या पदरात पडली. तेजल उठून चालती झाली. तेव्हापासून तिला सगळंच पडेल असं वाटतं. पंखा, लिफ्ट, माझा पदवीदानाचा फोटो. "दादा, खिळा नीट ठोकलाय ना?" आमच्या घरातला तसा तो पहिलाच फोटो, म्हणून मीही दोनदा उठून खिळा हलवून पाहिला.

तिच्या रियाजाच्या आवाजावर मी बी.ए.चा अभ्यास केला. पहाटे तिचा हात थांबला की मला डुलकी लागायची. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्यामुळे परवा रविवारी तिच्या सरांनी पुन्हा संधी दिली, तेव्हा पखवाज उचलून मीच गेलो. आईही आली. सरांनी बजावलं होतं, "या वेळी उठलीस, तर परत बोलावणार नाही."

पडद्यामागे तेजलने कणीक लावली, काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"दादा, सरांना सांगा ना, मला ताप आलाय."

तिचा घाम पुसायला आईने रुमालासाठी तिची पिशवी उघडली. आत एक डबी होती. डबीत वाळून दगड झालेली कणीक, आणि तिच्यावर चार बोटांचे ठसे.

"माझ्या आईचे आहेत," तेजल हळूच म्हणाली. "दर वेळी तीच लावून द्यायची. ती गेल्यावर मी पहिल्यांदा स्वतः लावली. तीच पडली."

माझ्या आईने डबी मिटली, बांगड्या मागे सारल्या, पखवाजावर गोळा थापला आणि चार बोटांनी दाबून धरला.

बाहेर तेजलचं नाव पुकारलं गेलं.

"आले," ती पडद्याकडे बघून म्हणाली. मग आईच्या कानाशी वाकली. "काकू, इतक्यात बोटं उचलू नका."