दहा मिनिटं पुढं

गुलाबरावांची चिखलीची बस उभ्या हयातीत कधी चुकली नव्हती! अमडापुरात ज्याला-त्याला ते हे ऐकवत. त्यांच्या घरातली झाडून सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं असत. चिखलीच्या शाळेत क्लार्क, पन्नाशीत एमएस-सीआयटी पास. शिस्त म्हणजे शिस्त!

त्यांची लेक धम्मशीला पुण्याच्या कंपनीत होती. आज दहाला गावातून काम करून साहेबांना दाखवायचं. जमलं तर कायमचं घरून काम, नाहीतर परत पुण्याची खोली. जनकाबाईंनी तर वर्षाचे पापडसुद्धा लेकीला धरून लाटले होते! आणि गुलाबरावांनी रजा टाकून शेजारच्या बेबीताईला बोलावलं होतं, लेक ऑफिसात बसलेली पाहायला.

व्हीपीएन, म्हणजे घरातून थेट ऑफिसात निघणारा बोगदा, झटक्यात जोडला गेला. पण ऑफिसचं एक पान उघडेल तर शपथ! 'लॉगिनची मुदत संपली' म्हणून दार तोंडावर बंद.

"बाकी सारं उघडते बाबा, ऑफिसचंच काऊन उघडत नाही?"

"सरक, मले पाहू दे!"

गुलाबरावांनी राउटर पुसला, उन्हात नेला, परत आणला. रेंज पाहिजे म्हणून बेबीताईला स्टुलावर चढवून तो तिच्या डोक्यावर दिला. वरातीतल्या दिवेवालीसारखी ती ताठ उभी!

"भाऊ, मान अवघडून राह्यली!"

"हालू नको! पोरीच्या नोकरीचा सवाल हाय!"

मग फ्रिज बंद, पंखा बंद. मिक्सर नेट ओढते म्हणून जनकाबाईंची चटणी अर्धी वाटलेली राहिली. भिंतीवर दहाला पाच कमी! रडकुंडीला येऊन धम्मशीलानं पुण्याच्या मदत विभागातल्या रेवतीला फोन लावला.

"लॅपटॉपमध्ये किती वाजलेत गं?"

"नऊ पंचावन्न."

"इथे पावणेदहा! वेळ जुळत नाही, म्हणून सर्व्हर आत घेत नाहीये. अमडापूर पुण्याच्या पुढं कधी गेलं?"

सगळ्यांच्या माना गुलाबरावांकडं वळल्या. बेबीताईची तेवढी वळली नाही.

"मागं पडलं होतं ना ते," गुलाबराव म्हणाले. "काल मीच नीट केलं."

लॅपटॉपचं घड्याळ मागं घेतलं, आणि पानं पटापट उघडली! साहेब खूश. "गावातूनच करा," म्हणाले. जनकाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि मिक्सर लावला.

"ऐनवेळी दहा मिनिटं भेटली, ते कोनामुळं?" गुलाबरावांची छाती फुगली. "माह्यामुळं!"

संध्याकाळी धम्मशीलानं घरातली सगळी घड्याळं बरोबर लावली.

सकाळी गुलाबरावांनी घड्याळाकडं पाहिलं. सवयीनं दहा मिनिटं वजा केली. आणखी एक कप चहा घेतला, फुर्र करून. रुबाबात स्टँडवर पोचले, तर बसचा नुसता धुरळा!

तरी पानठेल्यावरच्या सहदेवला त्यांनी हटकलंच, "पाह्य बे, माही पोरगी घरबसल्या पुण्याच्या ऑफिसात जाते!"

"हाव काका," सहदेव पानाला चुना लावत म्हणाला, "अन् तुमचं चिखली?"