चौपन्नावी पायरी

हिनोसे नगरपालिकेने गेल्या एप्रिलपासून नागरिकांना रोज एक वस्तू मोफत द्यायचं ठरवलं. ती वस्तू म्हणजे सामान्यज्ञान. त्सुनामीचा इशारा द्यायला गावभर खांबांवर एकेचाळीस कर्णे बसवलेले आहेत. संध्याकाळी पाचला मुलांना घरी बोलावणारी धून वाजवली की दिवसभराचं त्यांचं काम संपतं. सरकारी सामग्री अशी बसून खाते हे बरं दिसत नाही, म्हणून धून संपली की एक उपयुक्त माहिती सांगावी असा ठराव झाला आणि त्यासाठी ‘सामान्यज्ञान कक्ष’ निघाला. कक्षात मी, कुझुमी, एकटा. माझ्या वर कक्षप्रमुख तोबारीसाहेब, आणि त्यांच्या वर आणखी सहा जण.

माहिती कुठलीही असो, आठ शिक्के बसल्याशिवाय ती खरी धरली जात नसे. आमच्याकडे सही चालत नाही, प्रत्येकाच्या नावाचा छोटा लाल शिक्का लागतो. शिवाय खालच्याने आपला शिक्का वरच्याच्या शिक्क्याकडे किंचित कलता मारायचा असतो, म्हणजे कागदावरसुद्धा वाकून नमस्कार घडतो. उपनगराध्यक्ष इसोगाईसाहेबांचा शिक्का ताठ उभा. मी सगळ्यांत खालचा, त्यामुळे माझा जवळजवळ आडवा. अर्जावर चौकटी मात्र नऊ आहेत. नववी कोणाची हे कोणालाच ठाऊक नाही. छापखान्याने दिली, आम्ही ठेवून घेतली.

सहा महिने सगळं झकास चाललं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे सांगितलं त्या आठवड्यात बाजारातल्या कोळणी “घ्या हो, तीन काळजांचा आहे!” म्हणून तोच ऑक्टोपस गळ्यात मारायला लागल्या. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो हे ऐकल्यापासून आमचा सुतार ‘आजच्या दिवसात देतो’ असं छातीठोकपणे सांगू लागला. मग बारा ऑक्टोबर उजाडला. त्या संध्याकाळी धून संपल्यावर एकेचाळीस कर्ण्यांतून पुढील माहिती प्रसृत झाली: “हिनोसेच्या देवळाच्या दगडी पायऱ्या चौपन्न आहेत. खालचा टप्पा अठरा, मधला एकवीस, वरचा चौदा. धन्यवाद.”

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आत फुसाए आजी दारात उभ्या. वय त्र्याऐंशी. पायऱ्यांच्या माथ्यावर त्यांचं दांगोचं दुकान आहे. तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजतात आणि वर गोडसर सोयारस फासतात. हिनोसेत जन्मून ते न खाल्लेला माणूस मी पाहिलेला नाही.

“पायऱ्या त्रेपन्न आहेत,” आजी म्हणाल्या.

“आजी, चौपन्न. काल कर्ण्यावर सांगितलंय.”

“कर्णा चढतो का रे पायऱ्या? मी चढते! लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाठीवर पिठाची टोपली घेऊन मोजत चढते. त्रेपन्नावर टोपली उतरते. चौपन्नावर पाय टाकला तर हवेत पडेल.”

“आठ शिक्के आहेत, आजी.”

“मग त्या आठांना सांग, एकदा टोपली घेऊन या म्हणावं!”

मी रीतसर तोबारीसाहेबांकडे गेलो. साहेब माणूस मऊ. काही अडचण आली की आधी चहा मागवतात आणि चहा संपेपर्यंत ती आपोआप जाईल अशी वाट बघतात. ही गेली नाही.

“दुरुस्ती प्रसृत करता येईल का, साहेब?”

“येईल ना. पण दुरुस्तीच्या अर्जावर त्याच आठांचे शिक्के लागतील, कुझुमी. म्हणजे आठही जणांनी चुकलो म्हणून कबूल करायचं. आता मला सांग, चूक कबूल करताना इसोगाईसाहेबांचा शिक्का वाकवायचा की ताठ ठेवायचा?”

“वाकवायचा असेल.”

“कोणाकडे? त्यांच्या वर चौकटच नाही!”

मी नवव्या चौकटीकडे बोट दाखवलं. तोबारीसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोट खिशात घातलं.

शिवाय दुरुस्ती म्हणजे जाहीर माफी, आणि माफी म्हणजे आठ जणांनी ओळीने कमरेत वाकणं. कर्ण्यावरून वाकलेलं दिसत नाही. न दिसणारं वाकणं माफीत धरावं की नाही, याबद्दल विधी शाखेने तीन आठवडे मागून घेतले. दरम्यान प्रत्यक्ष मोजणीसाठी चौघांचं पथक पायऱ्या चढलं. तिघांच्या त्रेपन्न भरल्या. इसोगाईसाहेब मधल्या टप्प्यावर दम खायला बसले, उठून पुन्हा मोजू लागले आणि त्यांच्या चौपन्न भरल्या. अहवालात लिहिलं गेलं: ‘बहुसंख्य सदस्यांची मोजणी एका पायरीने कमी पडली.’

इथून पुढचं सगळं सरळ होतं. माहितीवर आठ शिक्के होते, पायऱ्यांवर एकही नव्हता. तेव्हा माहिती बरोबर आहे आणि देऊळच एका पायरीने अपुरं आहे, असा निष्कर्ष निघाला व एक पायरी वाढवायला मंजुरी मिळाली. कुठे वाढवायची एवढाच प्रश्न. खाली वाढवावी तर रस्ता प्रांताचा, त्यांच्या परवानगीला तीन वर्षं. मध्ये घुसवावी तर चिरेबंदी जुनी, पुरातन वास्तूंचा विभाग अंगावर येणार. उरला माथा. आणि माथ्यावर फुसाए आजींचं दुकान.

दुकान महिनाअखेर हलवण्याची नोटीस निघाली. ती नेऊन द्यायला कोण, तर सामान्यज्ञान कक्ष. मी चढलो. मोजायचं नाही असं ठरवून चढलो, तरी तोंडातून त्रेपन्न निघालंच.

आजींनी नोटीस घेतली, ओल्या फडक्याला हात पुसले आणि चष्मा लावून वाचली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी शाळेत मार खाल्ला की मी याच दुकानात येऊन रडत बसायचो, आणि आजी काही न विचारता एक काडी हातात द्यायच्या. त्याच हातात मी नोटीस दिली होती.

“या फळीवर माझे सासरे बसले, नवरा बसला,” आजी म्हणाल्या. “आता इथे तुमचा आकडा बसणार होय?”

“आजी, चूक माझी आहे. ती माहिती मीच लिहिली.”

“ते ठाऊक आहे मला. लहानपणापासून वेंधळाच तू.” त्यांनी डोळे पुसले आणि नोटिशीवर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय? मोठ्याने वाच.”

“‘नवीन पायरी अखंड दगडाची, सपाट, चार बोटांहून अधिक उंच आणि माणसाचं पाऊल मावेल एवढी असावी. ती त्रेपन्नाव्या पायरीनंतर लगेच यावी.’”

आजी उठल्या आणि दुकानाच्या उंबऱ्याशी गेल्या. तिथे जोडे काढायचा दगड आहे. त्यावर जोडे उतरवून आत फळीवर बसायचं. पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला दगड.

“अखंड आहे?”

“आहे.”

“बोटं लावून बघ.”

मी लावली. पाच बोटं भरली.

“मग लिही तुझ्या कागदात! पायऱ्या त्रेपन्नच आहेत, मरेपर्यंत त्रेपन्नच म्हणणार मी. पण तुम्हाला एक दगड हवाय ना? हा घ्या. माझ्या दुकानाला हात लावाल तर पायरी मोडल्याचा गुन्हा तुमच्याच माथी!”

अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला. आठही शिक्के इतके खुशीत बसले की माझा तर पुरता लोटांगण घालून होता. आजींचं दुकान वाचलंच, वर ते ‘सार्वजनिक जिन्याचा अविभाज्य भाग’ ठरलं, म्हणजे आता ते हलवायला खुद्द नगरपालिकेलाही परवानगी नाही. उद्घाटनाला इसोगाईसाहेब आले. फीत कापली, चौपन्नाव्या पायरीवर पाय ठेवला.

“अहो, जोडे!” आजी ओरडल्या.

त्या दगडावर जोडे काढायचे असतात, पायरी झाली म्हणून रीत बदलत नाही. साहेबांनी जोडे काढले. मोज्यातून डावा अंगठा बाहेर डोकावत होता. सगळ्या मान्यवरांनी एकाच वेळी आकाशाकडे पाहिलं. छायाचित्रकाराने पाहिलं नाही.

आता बाहेरगावचे लोक चौपन्न भरवायला म्हणून थेट दुकानात शिरतात, आणि जोडे काढलेच आहेत तर बसतात, खातात. आजींच्या मदतीला पुतणी आली आहे. माझी शिक्षा आजींनी स्वतः ठरवली: रोज सकाळी पिठाची टोपली पाठीवर घेऊन चढायचं, मोठ्याने मोजत. त्रेपन्नावर टोपली उतरवतो. एकदा गमतीने चौपन्न म्हणालो, तर डोक्यात पळी बसली.

तुम्ही हसत असाल. आठ शहाणे, चार हजार गावकरी, एकेचाळीस कर्णे, आणि एका म्हातारीशिवाय कोणाला कळलं नाही! हसा. पण ती माहिती मी तुम्हालाही जशीच्या तशी दिली होती, सुरुवातीलाच. खालचा टप्पा अठरा, मधला एकवीस, वरचा चौदा. बेरीज बाजूलाच पडली होती, करायची तेवढी राहिली होती. ना पायऱ्या चढायच्या होत्या, ना टोपली उचलायची होती.

केली होतीत?

बरं, असू दे. नवव्या चौकटीचा शोध लागला एवढं मी तोबारीसाहेबांना कळवतो. शिक्का मारून ठेवलाय तुमच्या नावाचा. चांगला वाकवून.